जांभळी नाक्याजवळचे गणवेशाचे दुकान आणि आमची दोन पानी नियमावली

मी ठाण्यातील एका ३० खाटांच्या खासगी रुग्णालयात प्रशासनाचे काम पाहते. गेल्या वर्षी आमच्या ३८ कर्मचाऱ्यांसाठी नवे गणवेश शिवून घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि त्या निमित्ताने जांभळी नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका शिलाई दुकानाशी जवळजवळ तीन महिने संबंध आला. हे परीक्षण त्या दुकानाचे आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण मास्तरांनीच तशी विनंती केली आहे. त्यांच्याकडे सहा कारागीर आहेत, तीन शाळांचे काम दरवर्षीचे ठरलेले आहे आणि आणखी मोठी कामे आली तर ती वेळेवर देता येणार नाहीत, अशी त्यांना काळजी वाटते. तरीही हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला, कारण कर्मचाऱ्यांनी कसे दिसावे याविषयीचे आमचे नियम आम्ही कार्यालयात बसून केले होते आणि ते तपासले गेले ते या दुकानातील कापण्याच्या टेबलावर.

गणवेशाबरोबर व्यवस्थापनाने दोन पानांची नियमावली तयार केली होती. सर्वांना अर्ध्या बाह्या असाव्यात. हातात बांगड्या, अंगठी, कडे किंवा धागा नसावा. मंगळसूत्र दिसू नये. टिकली लहान आणि एकाच रंगाची असावी. पुरुषांनी रोज दाढी करावी. अंगावरचे गोंदण दिसता कामा नये. डोक्याला रुमाल बांधू नये. स्वागतकक्षातील महिलांनी साडी आणि टाचांची पादत्राणे वापरावीत. महिलांचा गणवेश गुलाबी आणि पुरुषांचा निळा असावा, असे तिचे स्वरूप होते. या सगळ्यामागचे कारण शेवटच्या ओळीत एकदाच दिले होते, ते म्हणजे ‘संस्थेची शिस्तबद्ध व एकसारखी प्रतिमा’. बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी राज्य शासनाचा दाखला दिला. डिसेंबर २०२० मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांनी जीन्स आणि टी-शर्ट घालून कार्यालयात येऊ नये असे परिपत्रक निघाले होते, मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाविषयीही निर्णय झाला, मग आपण मागे का राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दोन्ही आदेशांचा भर कपड्यांवर होता आणि आमची नियमावली कपड्यांच्या पुढे जाऊन माणसाच्या कपाळापर्यंत, हनुवटीपर्यंत आणि मनगटापर्यंत पोहोचली होती, हा फरक त्या बैठकीत कोणाच्याही लक्षात आला नाही. माझ्याही आला नाही.

दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा ती दोन पाने मी मास्तरांना दिली. शिवणाऱ्याला सूचना लेखी मिळाव्यात, एवढाच हेतू होता. मास्तरांनी चष्मा लावून ती वाचली आणि कानावरची पेन्सिल काढून पहिल्याच ओळीपाशी विचारले, “अर्ध्या बाह्या कशासाठी, मॅडम?” मला प्रश्नाचा रोख कळला नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की, बाही केवळ दिसण्यासाठी अर्धी हवी असेल तर ते ती कोपरापर्यंत ठेवतात, कारण ती अंगावर चांगली बसते आणि बहुतेक स्त्रियांना तीच आवडते. पण हात कोपरापर्यंत धुवायचे असतील तर ती कोपराच्या दोन इंच वर संपली पाहिजे आणि तिचा घेरही बेताचा हवा, नाही तर वाकल्यावर ती खाली घसरते आणि भिजते. म्हणजे कारण कळल्याशिवाय बाहीची लांबी ठरवता येत नव्हती. मी तिथूनच आमच्या संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या सिस्टरना फोन लावला. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले की, हात धुणे हेच कारण आहे; इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००८ पासून रुग्णांजवळ काम करणाऱ्यांचे हात कोपराखाली मोकळे असावेत असा दंडक आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हस्तस्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कृत्रिम नखे लावू नयेत आणि नैसर्गिक नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवावीत असे स्पष्ट सांगितले आहे.

मास्तरांची वही मला फार आवडली. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान, वर मापे आणि खाली ‘सूचना’ असा एक रकाना. आमच्यासाठी त्यांनी त्या रकान्यात सूचनेपुढे कारणही लिहायला सुरुवात केली. यामागे काही मोठा विचार होता असा त्यांचा दावा नाही. पुढे माप बदलले, माणूस बदलला किंवा कारागीर बदलला तर कोणती गोष्ट बदलता येते आणि कोणती येत नाही हे कळावे, म्हणून ते असे लिहितात. पण त्यामुळे झाले असे की, आमची नियमावली त्या रकान्यात उतरवताना काही नियमांपुढे कारण सहज लिहिले गेले, काहींपुढे ते शोधावे लागले आणि काहींपुढची जागा कोरीच राहिली.

बांगड्यांपुढे कारण लिहिता आले. बांगडीखाली हात नीट धुतला जात नाही आणि काचेची बांगडी रुग्णाजवळ फुटली तर इजा होते. तरीही हा नियम आमच्याकडे सर्वांत अवघड होता. नुकतेच लग्न झालेल्या एका परिचारिकेच्या हातात हिरवा चुडा होता आणि तो उतरवायचा म्हणजे घरी सासूबाईंना काय सांगायचे, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न होता. तो प्रश्न कोणत्याही शिंप्याला सोडवता येणारा नाही. मास्तरांनी मात्र एक गोष्ट केली. कुर्त्याच्या आतल्या बाजूला, डाव्या बरगडीजवळ, बटण लावून बंद होणारा एक छोटा खिसा दिला. कामावर आल्यावर चुडा उतरवून कपाटात ठेवता येतो, आणि ज्यांना सौभाग्याचे काही ना काही अंगावर असावे असे वाटते, त्यांना अंगठी किंवा एखादी बांगडी त्या खिशात स्वतःजवळ ठेवता येते. या खिशाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. मंगळसूत्राच्या बाबतीतही दिसू नये असा आमचा नियम होता, पण काम करताना ते रुग्णाच्या अंगावर लोंबू नये एवढेच कारण रकान्यात लिहिता येत होते. महिलांची मापे मास्तरांच्या सूनबाई घेतात. त्यांनी प्रत्येकीला स्टुलावर ठेवलेल्या उशीवर वाकायला लावले आणि गळ्याची खोली अशी धरली की, पलंगावर वाकल्यावरही मंगळसूत्र आतच राहील. ते दिसते की नाही, याची पंचाईत नंतर कोणी केली नाही.

टिकलीच्या आकाराची आणि रंगाची जागा कोरी राहिली. नियम गेला.

गोंदणाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. आमच्याकडे मुरबाडकडच्या एक मावशी बावीस वर्षे आयाचे काम करतात. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण आहे, कपाळावर आणि हनुवटीवरही हिरवे ठिपके आहेत. लहानपणी आजीने गोंदून घेतलेले, असे त्या सांगतात. माप द्यायला त्या आल्या तेव्हा नियमावलीची कुणकुण त्यांच्या कानावर गेलेली होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, माझ्यापुरत्या पूर्ण बाह्या शिवल्या तर चालतील का? हात झाकले जातील. कपाळाचं मात्र मला काही करता येणार नाही.” बावीस वर्षांत ज्या हातांनी शेकडो बाळंतिणींना आंघोळ घातली, ते हात झाकायची परवानगी त्या मागत होत्या, आणि ती मागावी लागेल असा कागद माझ्या पिशवीत होता. मला अतिशय शरम वाटली. ‘अंगावरचे गोंदण दिसता कामा नये’ हे वाक्य टाइप करताना आमच्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एखादा तरुण मुलगा आणि त्याच्या मानेवरचा विंचू होता. कातकरी, ठाकर, वारली बायकांच्या अंगावरचे गोंदण हे याच जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे, हे कोणाला आठवलेही नाही.

मास्तरांनी येथे जी अडचण काढली ती पुन्हा कात्रीचीच होती. हात कोपराखाली मोकळे हवेत आणि कोपराखालचे गोंदण झाकलेले हवे, असे दोन्ही एकाच कुर्त्यात शिवता येणार नाही, असे ते म्हणाले. दोन्हीपैकी एक नियम ठेवा. हात मोकळे ठेवण्यामागे स्वच्छतेचे कारण होते, गोंदण झाकण्यामागे काहीच नव्हते. त्याच दुपारी आमच्या एका वॉर्डबॉयचे माप झाले आणि त्याच्या मनगटाच्या वर शिवरायांची राजमुद्रा होती. ती झाका असे त्याला सांगायला आमच्या व्यवस्थापनातले कोणी पुढे आले असते असे मला वाटत नाही, आणि जो नियम राजमुद्रेसाठी मोडायचा तो मावशींसाठी लागू करायचा, हे कोणत्याच न्यायात बसत नाही. पुढच्या बैठकीत मी वहीच्या त्या पानाचे छायाचित्र दाखवले. अखेर नियमाची भाषा बदलली. आता त्यात एवढेच आहे की, गोंदण अश्लील किंवा कोणाचा अवमान करणारे नसावे, आणि ताजे असेल तर जखम भरेपर्यंत ते स्वच्छ पट्टीने झाकावे. दुसऱ्या भागाला वैद्यकीय कारण आहे.

मुंब्र्याहून येणाऱ्या आमच्या एक तंत्रज्ञ डोक्याला स्कार्फ बांधतात. त्यांच्यासाठी मास्तरांनी गणवेशाच्याच ताग्यातून तीन चौकोनी स्कार्फ शिवले, टोके कुर्त्याच्या गळ्यात खोचता येतील इतक्या मापाचे. स्कार्फ लोंबू नये आणि गणवेशाइतक्याच वेळा धुतला जावा, हे कारण पुरेसे होते आणि स्कार्फच नको या नियमापेक्षा ते जास्त उपयोगी होते. रक्त काढताना हात कोपराखाली मोकळे ठेवण्याविषयी त्यांना संकोच होता. इंग्लंडमध्ये अशा वेळी एकदा वापरून टाकून देण्याच्या सुट्या बाह्या चालतात, तशाच आम्ही मागवल्या. दाढीच्या नियमाचा शिंप्याशी संबंध नव्हता, पण वहीच्या सवयीने आम्ही त्यालाही कारण विचारले. एन-९५ मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसावी लागते आणि दाढीमुळे फट राहून हवा बाजूने आत जाते, म्हणून क्षयाच्या विलगीकरण कक्षात काम करणाऱ्यांपुरते कारण खरे आहे. बिलिंगच्या खिडकीत बसणाऱ्याच्या दाढीला ते लागू होत नाही. आता दाढी ठेवणाऱ्या दोघांची नेमणूक त्या कक्षात केली जात नाही आणि त्यांच्या दाढीविषयी कोणी बोलत नाही.

गुलाबी आणि निळ्या रंगाचा नियम ज्या कारणाने बदलला, त्याबद्दल मी या दुकानाची विशेष ऋणी आहे. आमच्या कार्यालयात एक सहकारी आहेत ज्यांची नोंद कागदोपत्री आधी पुरुष म्हणून झालेली होती आणि ज्या आता स्त्री म्हणून वावरतात. त्यांना मापासाठी पाठवताना मला धास्ती वाटत होती, कारण शिंप्याच्या दुकानात ‘लेडीज’ आणि ‘जेंट्स’ हा पहिलाच प्रश्न असतो. या दुकानाच्या वहीत मात्र तसा रकानाच नाही. तेथे ‘सरळ’ आणि ‘टक्स’ असे दोन प्रकार आहेत; सरळ म्हणजे अंगावर सैल पडणारा कुर्ता आणि टक्स म्हणजे छाती-कंबरेला आकार दिलेला. शाळेतल्या शिक्षिकांपैकी कित्येक जणी सरळ कुर्ता मागतात, म्हणून त्यांनी तशी पद्धत ठेवली आहे. मास्तरांनी आमच्या सहकाऱ्यांना विचारले, “ताई, सरळ की टक्स?” त्यांनी ‘टक्स’ सांगितले, पडद्यामागे सूनबाईंनी माप घेतले आणि पाच मिनिटांत काम झाले. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा होता, तो मी विसरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या निकालात सांगितले आहे की, पोशाख, बोलणे आणि वागणे यांतून स्वतःची लिंगओळख व्यक्त करणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावालाही मनाई केली. हे सारे मला माहीत होते, तरी रंगांचा नियम मी निमूटपणे टाइप केला होता. आता आमच्याकडे रंग कामाप्रमाणे आहेत. परिचारिकांना आकाशी, तंत्रज्ञांना राखाडी, आया आणि वॉर्डबॉय यांना गडद हिरवा, कार्यालयाला फिका पिवळसर. रुग्णालाही याचा उपयोग होतो, कारण कोणाला काय विचारायचे हे त्याला लांबून कळते.

स्वागतकक्षाच्या साडीचे प्रकरण लवकर मिटले. साडी, परकर, ब्लाउजची शिलाई, फॉल-पिको असा प्रत्येकीचा हिशेब मास्तरांनी कागदाच्या मागच्या बाजूला मांडला, आणि तो कुर्त्याच्या दुपटीजवळ गेला. शिवाय आमच्या तिघींपैकी दोघी दिव्याहून गर्दीच्या लोकलने येतात, पावसाळ्यात स्थानकाबाहेरच्या पाण्यातून चालत येतात, आणि रुग्णालयात महिलांसाठी कपडे बदलण्याची धड खोली तेव्हा नव्हती. ज्या नियमाचा भार कर्मचाऱ्याच्या प्रवासावर पडतो, तो नियम करणाऱ्याने त्या गाडीने एकदा तरी प्रवास केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. टाचांच्या पादत्राणांबाबत मी बैठकीत लंडनचे उदाहरण दिले. डिसेंबर २०१५ मध्ये तेथे स्वागतकक्षाच्या कामावर आलेल्या एका तरुणीला सपाट पादत्राणे घातली म्हणून परत पाठवण्यात आले होते, आणि तिने २०१६ मध्ये सुरू केलेल्या याचिकेवर दीड लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. आमच्याकडे हे कलम न वाजता गाजता वगळले गेले आणि साडी ज्यांना आवडते त्या स्वेच्छेने नेसतात. जुन्या भांडारखोलीत आता कपडे बदलण्याची सोय झाली आहे, हा या सगळ्या व्यवहारातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ.

आता प्रत्यक्ष शिलाईविषयी. कापड टेरिकॉट आहे, ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती. निव्वळ सुती कापड अंगाला सुखाचे, पण रुग्णालयात गणवेश गरम पाण्यात वारंवार धुवावे लागतात आणि सुती कापड आटते, विटते, इस्त्रीही फार मागते. मास्तरांनी कापण्याआधी सगळे तागे एक रात्र भिजवून वाळवले, त्यामुळे आटायचे ते आधीच आटले. याचा परिणाम दिसतो: आठ महिन्यांच्या धुलाईनंतरही एकाही कुर्त्याची लांबी तोकडी झालेली नाही. बाजूच्या शिवणीत त्यांनी दोन्हीकडे दीड-दीड इंच दाब ठेवला आहे आणि कुर्त्याला कंबरेपासून काप दिला आहे. हे त्यांनी न सांगता केले. महिलांच्या गणवेशात एवढा दाब असलाच पाहिजे, असे ते म्हणतात, कारण बाई गरोदर राहिली की पहिल्या काही महिन्यांत तोच कुर्ता उसवून सैल करता येतो आणि नव्या गणवेशासाठी तिला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरीवरून कमी करण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाला १९८१ मध्ये रद्द करावा लागला होता. तो काळ गेला, तरी ‘सुबक दिसण्याच्या’ नियमात गरोदर बाईचे पोट न बसण्याची वृत्ती पूर्ण गेलेली नाही. आमच्याकडे सध्या दोन परिचारिका गरोदर आहेत आणि दोघींचेही कुर्ते दुकानात जाऊन चार दिवसांत सैल होऊन आले.

खिशांविषयी परिचारिका सर्वांत जास्त खूश आहेत. पेन, लहान कात्री, चिकटपट्टी, थर्मामीटर आणि फोन एवढे सामान त्यांना सतत जवळ लागते, आणि आधीच्या तयार गणवेशात महिलांच्या कुर्त्याला शोभेचा एक उथळ खिसा होता, तर पुरुषांना चार. मास्तरांनी दोन्ही बाजूंना सात इंच खोल खिसे दिले आणि तोंडाशी दुहेरी शिलाई मारली.

तयार गणवेश मागवण्याचा पर्याय आमच्यापुढे होता. गणवेश शिवण्याच्या उद्योगासाठी सोलापूरचे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि तिथला दर आम्हाला प्रत्येक जोडामागे सुमारे ३०० रुपये कमी मिळत होता. शेकड्यांनी एकसारखे गणवेश हवे असतील तर तोच मार्ग योग्य आहे, असे मीही म्हणेन. आमची माणसे ३८ आणि त्यांची शरीरे व गरजा ३८ प्रकारच्या, म्हणून जास्तीचे पैसे वसूल झाले. कापड आणि शिलाई धरून एका जोडाला १,१५० रुपये पडले, प्रत्येकाला तीन जोड दिले, आणि खर्च पूर्णपणे रुग्णालयाने केला. व्यवस्थापनाचा आधीचा विचार निम्मी रक्कम पगारातून कापण्याचा होता. गणवेश आमच्या सोयीसाठी आहे, तर पैसे त्यांच्या पगारातून का, या प्रश्नालाही उत्तर मिळाले नाही.

दुकानाच्या उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ३० दिवसांत देतो असे सांगून काम ४७ दिवसांत मिळाले. जूनच्या तोंडावर शाळांची गर्दी असते, हे मास्तरांना आधीच ठाऊक होते, तेव्हा तारीख देताना त्यांनी ते धरायला हवे होते. या उशिरामुळे दोन आठवडे आमची अर्धी माणसे जुन्या आणि अर्धी नव्या गणवेशात होती आणि रंगांची नवी विभागणी लोकांना समजावून सांगणे कठीण गेले. गडद हिरव्या रंगाचे दोन तागे वेगवेगळ्या रंगणीचे निघाले आणि उन्हात उभे राहिल्यावर फरक सहज दिसतो. मास्तरांनी चूक मान्य केली, पण बदलून दिले ते फक्त चार कुर्ते. बटणांचे टाके कच्चे आहेत. पहिल्या महिन्यातच अकरा बटणे निघाली आणि ती आम्ही आमच्याकडेच लावून घेतली. महिलांसाठी माप घेण्याची जागा म्हणजे कापडाच्या गठ्ठ्यांमागे पडदा लावलेला कोपरा आहे. सूनबाई सभ्यपणे आणि आदराने वागतात, तरी जागा फार अरुंद आहे, पंखा नाही, आणि मे महिन्यात तिथे उभे राहणे त्रासाचे होते. जिना उंच आहे. आमच्या गुडघेदुखीच्या एका मावशींसाठी सूनबाई टेप घेऊन स्वतः खाली आल्या, पण प्रत्येक वेळी तसे होईल असे गृहीत धरू नये.

नवीन माणूस रुजू झाला की आम्ही आता त्याला त्याच दुकानात पाठवतो. फोनवर कळवलेल्या मापांवर ते शिवत नाहीत, व्यक्ती समोर हवी असा त्यांचा आग्रह आहे आणि तो मला पटला आहे. सोमवारी दुकान बंद असते, दुपारी दोन ते चार कारागिरांची जेवणाची वेळ असते, आणि महिलांची मापे संध्याकाळी पाचनंतरच होतात, कारण तोपर्यंत सूनबाई पाळणाघरातून मुलाला घेऊन आलेल्या असतात. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते, पावती छापील मिळते. जाताना कर्मचाऱ्याला सोबत न्या, आपली नियमावलीही न्या, आणि प्रत्येक ओळीचे कारण विचारले जाईल या तयारीने जा. गेल्या महिन्यात मुरबाडच्या मावशींची पुतणी आमच्याकडे आया म्हणून लागली. तिच्याही हातांवर गोंदण आहे. वहीतील तिच्या पानावर बाहीची लांबी आठ इंच लिहिली आहे आणि सूचनेच्या रकान्यात ‘हात धुण्यासाठी’ एवढेच दोन शब्द आहेत.